दंड भरायला निघालेला माणूस

१५ जून या तारखेवर हिंदी चित्रपटातल्या क्रिकेटने दोनदा आपलं नाव कोरलं आहे. २००१ साली या दिवशी ‘लगान’ आला. अकरा वर्षांनी, १५ जून २०१२ रोजी, राजेश मापुसकर यांचा ‘फेरारी की सवारी’ आला. ‘लगान’वर पुस्तक निघालं, त्याच्या निर्मितीवर माहितीपट झाला, त्यातल्या शेवटच्या षटकाची उजळणी आजही होते. ‘फेरारी’च्या वाट्याला प्रदर्शनाच्या आठवड्यातली परीक्षणं आली आणि ‘सहकुटुंब पाहण्यासारखा, गोड चित्रपट’ असा शेरा आला. शेरा खोटा नाही. पण तो मारून फाईल बंद केली की या चित्रपटातला जमाखर्च पाहायचा राहून जातो. ही पुस्तिका त्या जमाखर्चासाठी आहे.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. ‘लगान’मधलं गाव क्रिकेट खेळतं ते सारा भरावा लागू नये म्हणून. ‘फेरारी’चा नायक मात्र कुणी न मागितलेला दंड भरायला निघतो. रुसी देबू मुलाला स्कूटरवर घेऊन चालला आहे. नकळत लाल सिग्नल ओलांडला जातो. अडवणारा पोलीस नाही, शिट्टी वाजलेली नाही. तुम्ही-आम्ही ‘सुटलो बुवा’ म्हणत पुढे गेलो असतो. रुसी वाहतूक पोलीस शोधून काढतो, आपणहून गुन्हा सांगतो आणि दंड घ्या म्हणतो. मुंबईच्या हवालदाराला असं गिऱ्हाईक रोज भेटत नाही. प्रेक्षक हसतात, आणि मागे बसलेला मुलगा सगळं पाहत असतो. हा माणूस नोकरीला कुठे आहे? आरटीओत कारकून. ज्या कचेरीचं नाव काढलं की आधी दाराबाहेरचा एजंट आठवतो, त्या कचेरीत पटकथाकारांनी आपला नाकासमोर चालणारा नायक बसवला आहे. हा विनोद पाहता पाहता कळतो. त्याची किंमत पुढे कळते.

गोष्ट थोडक्यात अशी. घरात तीन पिढ्यांचे तीन पुरुष. आजोबा बेहराम, म्हणजे घरातले मोटा पप्पा, मुलगा रुसी, आणि शाळकरी नातू कायो, ज्याच्या हातात बॅट शोभते. रुसीची बायको हयात नाही. लंडनला लॉर्ड्सवर मुलांचं प्रशिक्षण शिबिर ठरतं. कायोला संधी आहे, पण खर्च दीड लाख. कारकुनाच्या पगारात हा आकडा बसत नाही आणि कर्जाची दारंही सहज उघडत नाहीत. तेवढ्यात लग्नसोहळे जुळवून देणारी बब्बूदीदी एक अजब सौदा घेऊन येते. एका पुढाऱ्याच्या पोराला, पक्याला, वरातीत लाल फेरारी हवी आहे, आणि शहरात तशी गाडी आहे ती सचिन तेंडुलकरची. गाडी मिळवून दे, दीड लाख घे. रुसी सचिनच्या घरी जातो तो विनंती करायला. गैरसमजातून किल्ली त्याच्या हातात पडते. जन्मात कुणाचं काही न उचललेला माणूस देशातल्या सर्वांत लाडक्या खेळाडूची गाडी घेऊन बाहेर पडतो. पुढचं पडद्यावरच पाहावं.

क्रिकेटचे चित्रपट बहुधा जिंकण्याचे असतात: शेवटचा चेंडू, हवेत गेलेला फटका, गर्दीचा जल्लोष. ‘फेरारी की सवारी’ हा जिंकण्याआधीच्या दाराचा चित्रपट आहे. गुण आहेत, तयारी आहे, आणि दारावर पैसे मागितले जात आहेत. शिवाजी पार्कवर किंवा आझाद मैदानावर सकाळी जाऊन उभं राहिलं की हे दार दिसतं. नेट लागलेली असतात, पांढऱ्या कपड्यांतली पोरं रांगेत असतात, आणि कडेला कट्ट्यावर आई-बाप बसलेले असतात. त्यांच्यातलं बोलणं फटक्यांइतकंच खर्चाचं असतं. पोराचे पाय वर्षभरात वाढतात, बूट लहान होतात. मग पॅड लहान होतात. काश्मीर विलोच्या बॅटवर भागत होतं, आता सर म्हणतात इंग्लिश विलो घ्या. ती घेतली की अळशीचं तेल लावून, लाकडी हातोडीने ठोकून ठोकून तयार करायची. आणि इतकं करून एखाद्या यॉर्करवर टवका उडाला की बापाच्या छातीत धस्स होतं. विरार-कल्याणहून किट घेऊन लोकलने येणाऱ्या मुलांची तर वेळही खर्चात धरावी लागते. हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धांनी आणि पावसात चिखलावर चालणाऱ्या कांगा लीगने मुंबईला क्रिकेटपटू पुरवले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पुरवठ्यामागे किती घरांनी पोटाला चिमटा घेतला, याची नोंद कुठल्याच धावफलकावर नसते. मापुसकरांनी ती नोंद चित्रपटाच्या मध्यावर आणून ठेवली.

देबू कुटुंब पारशी आहे, ही निव्वळ रंगत आणण्यासाठी केलेली निवड नव्हे. भारतीयांमध्ये क्रिकेट पहिल्यांदा रुजलं ते मुंबईच्या पारश्यांत. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेवर गोऱ्यांचा पोलो आणि पारश्यांचं क्रिकेट यांची जुंपली. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडते म्हणून पारशी खेळाडूंनी सरकारदरबारी अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी ही हकिगत १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापली. म्हणजे या शहरात देशी क्रिकेटला सुरुवातीच्या काळातच ‘आम्हालाही खेळू द्या’ असा अर्ज करावा लागला. १८८६ मध्ये पारशी संघ इंग्लंडला गेला आणि सपाटून मार खाऊन आला. १८८८ मध्ये पुन्हा गेला आणि बरा खेळला. १८९० मध्ये मुंबईत आलेल्या व्हर्ननच्या इंग्लिश संघाला त्याने हरवलं. पुढे कसोटीत पॉली उम्रीगर, नरी कॉन्ट्रॅक्टर, रुसी सुरती, फारूख इंजिनीअर ही नावं झाली. महिला क्रिकेटमध्ये डायना एडलजी कर्णधार झाल्या. इंजिनीअर यांनी शेवटची कसोटी १९७५ साली खेळली. त्यानंतर भारताच्या पुरुषांच्या कसोटी संघात पारशी खेळाडू दिसला नाही. २०२१ मध्ये गुजरातचा डावखुरा वेगवान गोलंदाज अर्झान नागवासवाला याची इंग्लंड दौऱ्यासाठी राखीव म्हणून निवड झाली, तेव्हा तीही बातमी ठरली.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की बोमन इराणींचा बेहराम वेगळा दिसू लागतो. टीव्हीसमोरच्या खुर्चीत रुतलेला, तोंडाचा फटकळ, नातवाच्या क्रिकेटवर खार खाणारा हा म्हातारा एकेकाळी स्वतः उत्तम खेळत होता. देशाच्या संघाचं दार त्याच्यासाठी उघडणार तोच दिलीप धर्माधिकारी या मित्राने दगा दिला आणि जागा पटकावली. परेश रावल यांनी हा धर्माधिकारी कुठेही आवाज न चढवता केला आहे, म्हणून तो जास्त बोचतो. बेहरामची चीड क्रिकेटवर नाहीच. आशा कशी पोखरते हे त्याने भोगलं आहे, आणि ते नातवाच्या नशिबी येऊ नये म्हणून तो आधीच त्याचं मन मारायला बघतो. असा माणूस नातवासाठी खुर्चीतून उठतो आणि त्याच जुन्या मित्राकडे शब्द टाकायला जातो, तेव्हा चित्रपट सर्वांत उंचीवर असतो. तिथे पार्श्वसंगीताने नव्हे, बोमन यांच्या पाठीच्या कण्याने काम केलं आहे. अभिमान गिळताना माणसाचे खांदे कसे होतात, ते या प्रसंगात पाहावं. रुसी दंड भरतो तो कायद्याचा. बेहराम भरतो तो स्वतःच्या स्वाभिमानातून.

हिंदी पडद्यावरचा पारशी बहुतेक वेळा हसण्यासाठी येतो. बासू चॅटर्जींचा ‘खट्टा मीठा’ (१९७८), विजया मेहतांचा ‘पेस्तनजी’ (१९८८) असे मोजके चित्रपट वगळले तर सदरा, जुनी मोटार आणि चमत्कारिक हिंदी एवढ्यावर काम भागवलं जातं. ‘फेरारी’तही बोलीचा विनोद आहे, पण घर खरं आहे. मुलाचं खाणंपिणं, शाळा, सराव सगळं रुसी एकटा सांभाळतो. शर्मन जोशी यांनी ही बापाची माया मिरवली नाही; कामाच्या ओघात ती दिसत राहते. कायो झालेला ऋत्विक साहोरे तर बालकलाकारांच्या नेहमीच्या आगाऊपणापासून पूर्ण मुक्त आहे. पुढे ‘दंगल’मध्ये तो पुन्हा दिसला.

आता गाडीकडे वळू, कारण चित्रपटात न सांगितलेली एक गोष्ट तिच्यामागे आहे. २००२ साली पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने २९वं कसोटी शतक ठोकून डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, आणि ती त्याच्या हाती दिली मायकेल शूमाकरने. गाडी भारतात आणताना आयात शुल्काचा प्रश्न आला. रक्कम एक कोटीहून अधिक होती. सरकारने शुल्क माफ केलं, त्यावर देशभर टीका झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर शुल्क गाडी देणाऱ्या कंपनीने भरलं. पुढे २०११ मध्ये ती गाडी विकली गेल्याच्या बातम्या आल्या. आता योगायोग पाहा. ज्या गाडीचा कर कुणी भरायचा यावर देशाने वाद घातला, ती गाडी या चित्रपटात पडते कुणाच्या हाती, तर न मागितलेला दंड भरणाऱ्या आरटीओच्या कारकुनाच्या. पटकथेत या वादाचा उल्लेख नाही. सचिनकडे चित्रपट निव्वळ भक्तिभावाने पाहतो. पण २०१२ च्या प्रेक्षकाच्या स्मरणात तो वाद होता. त्या स्मरणासह पाहिलं तर लाल गाडीला नुसत्या स्वप्नापेक्षा जास्त वजन येतं.

सचिन स्वतः कथेत पात्र म्हणून उतरत नाही, आणि हा निर्णय शहाणपणाचा आहे. त्याचं घर, त्याची गाडी, त्याचे नोकर आणि त्याच्या नावाचा धाक एवढ्यावर काम होतं. प्रदर्शनाच्या वेळी हे नाव कोणत्या उंचीवर होतं हेही ध्यानात घ्यावं. १६ मार्च २०१२ रोजी मिरपूरला त्याचं शंभरावं आंतरराष्ट्रीय शतक झालं होतं. ४ जूनला त्याने राज्यसभेच्या सदस्यत्वाची शपथ घेतली होती. अकरा दिवसांनी हा चित्रपट आला. त्याआधी मे महिन्यात आयपीएलमधल्या काही खेळाडूंवर एका वाहिनीच्या छुप्या चित्रणानंतर कारवाई झाली होती. एकीकडे देव्हारा, दुसरीकडे बाजार, आणि दोहोंच्या मधल्या फटीत दीड लाखांसाठी वणवण करणारा एक बाप. या चित्रपटाला याहून नेमका मोसम मिळाला नसता.

तिकीटबारीवर मात्र त्याने धुमाकूळ घातला नाही. आजूबाजूला काय होतं ते पाहा. १ जूनला आलेला ‘राउडी राठोड’ गर्दी खेचत होता. ८ जूनला दिबाकर बॅनर्जींचा ‘शांघाय’ आला होता. २२ जूनला ‘गँग्स ऑफ वासेपूर’चा पहिला भाग आला आणि चर्चेचा सगळा रोखच बदलला. हाणामारी, राजकारण आणि सूड यांच्या गराड्यात हा सोज्वळ चित्रपट सापडला. शिवाय ‘३ इडियट्स’च्या घराण्यातून आल्याचं ओझं होतंच. निर्माता विधु विनोद चोप्रा, संवाद राजकुमार हिरानींचे, शर्मन आणि बोमन दोघंही त्याच चित्रपटातले, आणि दिग्दर्शक मापुसकर हिरानींच्या हाताखाली तयार झालेले. लोक तसाच दणका मागत आले आणि त्यांना हलका हात मिळाला.

समीक्षकांचं बोलणं ढोबळ मानाने दोन बाजूंचं होतं. अभिनय, घरातले प्रसंग, बाप-लेकाचं नातं यांना जवळजवळ सर्वांनी दाद दिली. तक्रारी होत्या लांबीच्या, योगायोगांच्या आणि नायकाच्या अतिचांगुलपणाच्या. यातल्या पहिल्या दोन तक्रारी मान्य कराव्या लागतात. उत्तरार्धात गाडी शोधणारे नोकर, वरात, पाठलाग यांची इतकी धावपळ होते की दीड लाखांचा प्रश्न मागे पडतो. ज्या चित्रपटाने इतक्या बारकाईने खर्च मांडला, तो शेवटी हिशेब चमत्काराच्या हवाली करतो. बाईमाणसांच्या बाबतीतही हात आखडता आहे. सीमा पाहवांची बब्बूदीदी झकास आहे, पण ती सोडली तर या कथेत बायकांना जागाच नाही.

तिसरी तक्रार मात्र पटत नाही. रुसी फार चांगला आहे, असा माणूस असतो का, असं विचारलं गेलं. हा प्रश्न आपल्याविषयी जास्त सांगतो. मारधाडपटातला नायक एकटा पंचवीस जणांना लोळवतो ते आपण शिट्ट्या मारून स्वीकारतो, आणि कारकुनाने सिग्नलचा दंड भरला की ‘अतिशयोक्ती’ म्हणतो. शिवाय चित्रपट रुसीला देव्हाऱ्यात बसवत नाही. तो त्याच्या हातून नेमकं तेच करवतो, जे तो आयुष्यभर टाळत आला. मुलाला रोज दिलेले धडे आणि मुलासाठी केलेली ही गोष्ट यांची टक्कर होते. गाडी परत करू, कुणाला कळणारही नाही, हे समर्थन रुसीच्या तोंडी फार दुबळं वाटतं, कारण कुणी पाहत नसताना दंड भरणारा माणूस तोच आहे. सुरुवातीचा हसरा प्रसंग इथे त्याच्यावरच उलटतो. पटकथेतली सर्वांत पक्की वीण ही आहे, आणि समीक्षेने तिची दखल फारशी घेतली नाही.

मराठी प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट खटकू शकते. यात मराठी माणूस कोणत्या रूपात येतो? दगा देणारा धर्माधिकारी, मिरवणारा पुढारी आणि त्याचा हट्टी पक्या, सचिनच्या घरचे गडबडलेले नोकर. दिग्दर्शक मराठी, शहर मुंबई, गाडीचा मालक मराठी, आणि चांगुलपणाचा मान मात्र पारशी घराला. मला ही चेष्टा घरच्या माणसाने केलेली वाटते. लग्नाचे फ्लेक्स, मांडव, पुढाऱ्याभोवतीची माणसं हे सगळं इतकं ओळखीचं आहे की बाहेरच्या दिग्दर्शकाला ते जमलं नसतं. त्या मांडवात विद्या बालन येते ती गुरू ठाकूर यांनी लिहिलेल्या आणि ऊर्मिला धनगर यांनी गायलेल्या ‘मला जाऊ दे’ या लावणीवर. हिंदी चित्रपटात अख्खी मराठी लावणी, तीही भाषांतराचा टेकू न घेता, हे त्या वेळी नवल होतं. अर्थात, कथेचं घोडं तिथे थोडं पेंड खातं हेही खरं.

मापुसकरांनी पुढचा चित्रपट मराठीत केला. २०१६ च्या ‘व्हेंटिलेटर’मध्ये क्रिकेट नाही, फेरारी नाही, रुग्णालयाच्या बाकड्यांवर जमलेला एक भलामोठा गोतावळा आहे आणि वडिलांशी न बोललेली मुलं आहेत. त्या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘व्हेंटिलेटर’ पाहून ‘फेरारी’कडे परत गेलं की त्याचा गाभा स्पष्ट दिसतो. बाप मुलाला काय देऊन जातो, मुलगा बापाला काय विचारायचं टाळतो, आणि मधली पिढी दोन्हीकडून कशी चेपली जाते, हा या दिग्दर्शकाचा कायमचा विषय आहे. तीन पिढ्यांचं देबू घर हे त्या विषयाचं पहिलं रूप होतं.

क्रिकेटपटांच्या परंपरेतही त्याची जागा आता नीट ठरवता येते. नंतरच्या काळात ‘एम. एस. धोनी’ (२०१६) आणि ‘८३’ (२०२१) यांसारखे चरित्रपट आले. तिथे शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. विश्वचषक कुणी जिंकला हे का कुणी विसरलं आहे? दुसरी एक लहानशी ओळ आहे, जिच्यात संघात शिरायला मिळणं हाच विजय असतो. नागेश कुकनूर यांचा ‘इक्बाल’ (२००५) त्यातला पहिला ठळक चित्रपट. श्रेयस तळपदेने त्यात मूकबधिर वेगवान गोलंदाज उभा केला. त्याच श्रेयसने २०२२ मध्ये जयप्रद देसाई यांच्या ‘कौन प्रवीण तांबे?’मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये पदार्पण करणारा मुंबईकर लेगस्पिनर साकारला. ‘फेरारी की सवारी’ या दोहोंच्या मधला दुवा आहे. ‘इक्बाल’मध्ये अडचण शरीराची, ‘तांबे’मध्ये वयाची, आणि इथे पैशाची. या ओळीवर मराठी हातांची छाप आहे, आणि ज्या मुलखात मैदानांपेक्षा खेळणारे नेहमीच जास्त राहिले, तिथून ती यावी हे साहजिक आहे.

पुढील पानांत पटकथा, अभिनय, संगीत आणि मुंबईतलं शालेय क्रिकेट यांचा स्वतंत्र विचार आहे. वाचकाने तो चित्रपट पाहून मग वाचावा, आणि शक्य तर घरातल्या थोरांबरोबर आणि मुलांबरोबर पाहावा. रुसीने गाडी नेली ती चोरी, की उसनवारी, यावर जेवणाच्या ताटावर वाद व्हायला हवा. मुलं बहुधा चोरी म्हणतील, कारण त्यांना दंडाचा प्रसंग लक्षात असेल. आई-बाप पळवाटा शोधतील, कारण त्यांनी फीचे आकडे पाहिलेले असतात. आजोबा कुणाची बाजू घेतात, ते त्यांना आयुष्यात कुणी फसवलं होतं यावर अवलंबून राहील. घराघरात हे मतभेद निघाले, तर चित्रपटाला नुसतं गोड म्हणून सोडून देणं पुन्हा कुणाला जमणार नाही.